जाऊन राह्यली

सुकेशनी ढोकेच्या वेणीला न्यायालयाचं सील होतं. शेंड्यापासून चार बोटं वर पातळ पत्र्याची एक कडी, तिच्यावर बारीक अक्षरांत खटल्याचा क्रमांक. कडी काढायची नाही, आणि वेणी कापायची तर त्याहून नाही. गल्लीतल्या बायांना चिडवायला एवढं पुरे होतं. "अवं सुकेशनी, तेल लावाच्या आधी वकिलाले विचारतं का वं?" असं कुणीतरी नळावर म्हणायचं आणि सगळ्या खिदळायच्या. सुकेशनीही हसायची. बिचारी दुसरं काय करणार? अकरा गावांचा जीव तिच्या केसांत अडकला होता, आणि हे मी उगाच फुगवून सांगत नाही.

त्याचं असं झालं. देशाची राजधानी देशाच्या मध्यावर हलवायची ठरली आणि वर्धा नदीच्या काठची अकरा गावं एका सकाळी महाराष्ट्राबाहेर गेली. गावं जागची हलली नाहीत, पण आता ती कुठल्याच राज्यात नव्हती. ती 'राजधानी क्षेत्र' झाली. घटनादुरुस्ती करणाऱ्यांचं म्हणणं दिसायला मोठं सरळ होतं. राजधानी साऱ्या देशाची, म्हणून ती कुण्या एकाची असू नये. तिचा स्वतःचा खासदार असला तर तो सरकारच्या दारात बसून दांडगाई करील. तेव्हा राजधानीतून लोकसभेत कुणी जाणार नाही. बाहेरून आलेले साहेब, कारकून, शिपाई आपापल्या मूळ मतदारसंघात मत देतील. छान. आणि ज्यांचं मूळ गावच राजधानीच्या पोटात गेलं, ते? त्यांच्यासाठी दुरुस्तीत एक ओळ होती: संसदेचे सर्व सदस्य हेच त्यांचे प्रतिनिधी मानले जातील. म्हणजे मामे पुष्कळ, पण घरी बोलावणारा एकही नाही.

पहिल्या निवडणुकीत या लोकांनी हिकमत केली. नदीपलीकडच्या सोयऱ्यांचे पत्ते दिले आणि तिकडे मतं टाकली. पलीकडचा बडा उमेदवार आपटला, संसदेत बोंबाबोंब झाली, आणि मग आला निवास कायदा. त्यानं दोन गोष्टी केल्या. माणूस कुठं राहतो हे यापुढे कागदावरून नाही, केसावरून ठरायचं. आणि ज्याचं मूळ राजधानीचं, त्याला देशात दुसरीकडे कुठंच मतदार म्हणून नाव घालता यायचं नाही, मग तो जन्मभर कुठंही राहो.

केसांचं हे शास्त्र तसं अवघड नाही. पाणी सगळीकडे सारखं दिसतं, पण सारखं नसतं. त्यातले काही अणू इतरांपेक्षा जरा वजनदार असतात. ढग समुद्राकडून आत येत जातो तसं जड पाणी आधी पडून जातं. उलट, उघडा तलाव उन्हात आटतो तेव्हा हलकं पाणी आधी उडतं आणि जड मागं राहतं. त्यामुळे विहिरीचं, नदीचं, तलावाचं, या गावचं आणि त्या गावचं, प्रत्येक पाण्यात जड-हलक्याचं प्रमाण वेगळं. आपण जे पाणी पितो, ज्यात शिजवतो, त्याचा अंश केसात जाऊन बसतो. केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो. म्हणजे टाळूजवळचा केस या महिन्याचं सांगतो आणि शेंडा कित्येक वर्षांपूर्वीचं. एखाद्याला आपण बारा गावचं पाणी प्यालेला म्हणतो ना, ती बारा गावं केस तपासणारं यंत्र क्रमानं सांगू लागलं.

लहान बाळाचं मूळ ठरे ते जावळावरून. जावळ म्हणजे पोटात असताना, शेवटच्या तीन-चार महिन्यांत उगवलेले केस. त्यात आईनं प्यालेलं पाणी असतं. जावळ काढलं की त्यातली एक बट केस-तपासणीच्या केंद्रावर द्यायची, आणि बाळाचं मूळ कायमचं पक्कं. तेव्हापासून अकरा गावांतल्या गरोदर बाया सहावा लागला की बाहेर पडू लागल्या, आणि बाहेर दिलेल्या लेकींची माहेरची बाळंतपणं बंद झाली. कायद्याआधी लग्न होऊन गेलेल्या लेकी स्वतः सुटल्या होत्या. पण त्यांच्या पोटातल्या जिवाला वाचवायचं तर माहेरचं पाणी तोंडाला लावायचं नव्हतं.

मताच्या हक्कासाठी गावांनी खटला भरला. नागपूरचे देशकर वकील एक पैसा न घेता उभे राहिले. पहिला अर्जदार आपटला, कारण तो दोन महिने पुण्यात मुलाकडे राहून आला होता. सरकार म्हणालं, याला बाहेर राहता येतं, म्हणजे राजधानीत राहणं ही याची हौस आहे. हौसेचे परिणाम ज्यानं त्यानं सोसावे. न्यायालयाला ते पटलं. दुसऱ्या, तिसऱ्या अर्जदाराचं तेच झालं. ज्याला खरोखर दुसरं घरच नाही असा माणूस हवा होता, आणि तेही केसावरून सिद्ध होणारा. पुरुषांच्या डोक्यावर तीन महिन्यांचा पुरावा. मग देशकरांना सुकेशनी सापडली. अंगणवाडी आणि अंथरुणाला खिळलेली सासू, या दोहोंच्या पायी बाई वर्षानुवर्षं आपल्या गावाबाहेर, अकरांतल्या काटेसावंग्याबाहेर, गेलीच नव्हती, आणि केस गुडघ्याला टेकत होते. शेंड्यापासून टाळूपर्यंत एकच पाणी, गावच्या तलावाचं. त्या दिवशी देशकरांनी पेढे वाटले आणि वेणीला सील बसलं.

चैत्रात उत्पलाचा फोन आला. ही सुकेशनीची एकुलती एक लेक, जालन्याच्या निखिलला दिलेली. सातवा लागला होता. आधीचं एक लेकरू पाचव्यातच गेलेलं.

"आई, डॉक्टरनं पडून राहा म्हटलं. बीपी वाढलं," ती म्हणाली. "निखिलची पाळी असते कारखान्यात. घरात दुसरं कोणी नाही. मी येऊ का तिकडे?"

लेकीला येऊ नको म्हणायला कुठल्या आईची जीभ उचलते? सुकेशनीची उचलली. "नको ना माय. लेकराचं मत जाईन."

"मत गेलं तं गेलं. लेकरू राह्यलं पाह्यजे ना."

आता 'मत गेलं तं गेलं' हे सुकेशनीला ऐकवत नव्हतं. तिचा बाप मतदानाच्या दिवशी धुवट पांढरा सदरा घालायचा आणि पोरांना सांगायचा, आज मी अन् मालगुजार एका वजनाचे. साऱ्या वर्षात त्याला ताठ चालताना तिनं त्याच दिवशी पाहिलेलं. ते वजन आपल्या नातवंडाच्या वाट्याला जन्मापासूनच नसावं, हा विचार तिला सहन होत नव्हता. आणि लेक तिकडे एकटी पडावी, हाही होत नव्हता.

ती देशकरांकडे गेली. देशकरांनी दोन्ही हात डोक्याला लावले. "ताई, टाळूजवळच्या केसात एक बोट जरी दुसरं पाणी दिसलं, तर संपलं. चाळीस हजार माणसं आहेत तुमच्यामागं. सुनावणी दिवाळीनंतर आहे, तोवर जरा कळ काढा."

"कळा तिले येतीन, वकीलसाहेब," सुकेशनी म्हणाली. "मी कायची कळ काढू?"

तोडगा काढला तो प्रफुलनं, तिच्या नवऱ्यानं. हा माणूस एरवी दिवसाला चार वाक्यं बोलायचा. सुकेशनी रडत भाकरी थापत होती तेव्हा तो ताटावरून म्हणाला, "यंत्र पाणीच पाह्यते ना? तं पाणी घेऊन जाय."

तिनं वकिलाला सांगितलं नाही. शेजारी आणि अंगणवाडीत सांगितलं, बरं वाटत नाही, घरातच पडून आहे. सासूचं करायचं प्रफुलनं अंगावर घेतलं. प्रफुलनं ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरशी संधान बांधलं आणि दर आठवड्याला तलावाच्या पाण्याचे कॅन जालन्याला जाऊ लागले. सुकेशनी पहिल्याच गाडीनं गेली, पदराखाली वेणी गुंडाळून, चोरासारखी.

जालन्याला लेकीला पाहून तिला रडू आलं. पाय सुजलेले, डोळ्यांखाली काळं. घर दोन खोल्यांचं. पाणी बोअरचं, आणि इतकं जड की तुरीची डाळ तीन शिट्ट्यांनीही टणकच. इथं घोटाळा होऊ नये म्हणून सांगतो, हे जड वेगळं, क्षारांचं. मघाचं जड अणूंचं. उत्पला म्हणाली, "मी इथं आल्यापासून धड वरण खाल्लं नाही आई." झालं. आईनं आपल्या कॅनमधलं पाणी घेतलं आणि वरण लावलं. मऊ, एकजीव, वरून लसणाची फोडणी. पोरीनं वाटीभर पिऊन टाकलं आणि किती तरी दिवसांनी हसली.

मग रोज तेच. सुकेशनीला स्वतःसाठी कॅनच्या पाण्यातच शिजवावं लागे, आणि एका घरात दोन चुली कोण मांडतं? पोरीला पेज त्याच पाण्याची, खीर त्याच पाण्याची, चहा त्याच पाण्याचा. उशाशी तांब्या ठेवायची तोही कॅनमधूनच भरलेला, कारण बोअरचं पाणी मचूळ लागतं म्हणून पोरगी प्यायचीच नाही आणि डॉक्टर तर भरपूर पाणी प्या म्हणत होता. प्रफुलला निरोप गेला, दोन कॅन जास्त पाठवा. सुकेशनीनं अडीच महिने आपली वेणी डोळ्यांत तेल घालून जपली. आपण पोरीच्या तोंडात काय घालतो आहोत, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. आईच्या डोक्यात असलं येत नाही.

मुलगी झाली. नीट झाली, रडली, आईही नीट राहिली. सुकेशनी महिनाभर थांबून परतली आणि तलावाच्या बांधावर उभी राहून तिनं सुटकेचा श्वास टाकला. दोन्ही राखलं, असं तिला वाटलं.

भाद्रपदात बाळाचं जावळ काढलं. चार दिवसांनी उत्पलाचा फोन आला तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता. "आई, केंद्रावरून उत्तर आलं. मूळ राजधानी क्षेत्र. मतदारसंघ नाही."

"असं कसं? तू तं इकडं पायच ठेवला नाही."

मग उत्पला म्हणाली, "वरण, आई."

सुकेशनी रडली नाही. तिनं फक्त आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, आणि तिला ते हात तोडून टाकावेसे वाटले.

पण बाई विचार करणारी होती. दुसऱ्या दिवशी ती देशकरांसमोर जाऊन बसली आणि सगळं सांगून टाकलं. वर म्हणाली, "हे मी कोर्टात सांगतो. लेकरू राजधानीत कधी आलंच नाही अन् केस म्हणतात आलं. मी तिकडं राह्यली अन् माह्ये केस म्हणतात नाही राह्यली. म्हणजे यंत्र खोटं आहे. ते फक्त पाणी सांगते, घर नाही सांगत."

देशकर पांढरे पडले. "ताई, यंत्र खोटं ठरेल तेव्हा ठरेल. त्याआधी तुम्ही खोट्या ठराल. बाहेर राहिलात म्हणजे अखंड निवासी नाही, म्हणजे अर्ज करायचा हक्कच नाही. खटला त्या मिनिटाला फेकून देतील. पुन्हा अशी वेणी मला कुठं सापडणार?"

"अन् माही नात?"

"खटला जिंकलो तर तिलाही मत मिळेल. साऱ्यांनाच मिळेल."

"अन् हारलो तं?"

देशकर समोरचे कागद लावू लागले. सुकेशनी घरी आली. सुनावणीपर्यंतचे दिवस तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. गावात कुणी भेटलं की हात जोडायचं, ताई, तुमच्यावरच आहे सगळं. त्या जोडलेल्या हातांची तिला भीती वाटू लागली. बोलावं तर चाळीस हजार बुडतात, गप्प राहावं तर नात. दोन्हीकडून दार बंद, आणि कडी स्वतःच्या हातानं घातलेली.

दिवाळीनंतर घटनापीठासमोर खटला उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाची नवी इमारत काटेसावंग्याच्या जुन्या गायरानावर होती. मधले न्यायमूर्ती दक्षिणेकडचे. त्यांच्या कानात भाषांतराचं यंत्र.

सरकारी वकील श्रीमती निंबकर आधी बोलल्या, आणि चांगलं बोलल्या. "लोकसभेत माणसं राज्यांच्या वाटेनं येतात. राजधानी राज्य नाही, ती साऱ्या राज्यांची मिळून आहे. न्यायाधीशाला आपल्याच खटल्यात बसता येत नाही, तसं सरकारच्या घराला सरकारात वाटा मागता येत नाही. अर्जदारांना प्रतिनिधी नाही असंही नाही. सगळी संसद त्यांची आहे."

देशकर उठले. "जो साऱ्यांचा, तो यांच्या दारात मत मागायला एकदा तरी आला का, एवढंच विचारतो. यांच्या नालीवरचा कर संसद बसवणार, यांच्या शाळेचा कायदा संसद करणार, आणि तिथं हात वर करायला यांचं कुणी नाही. हे लोक राजधानीकडे आले नाहीत, महोदय. राजधानी यांच्याकडे आली. पाहुणा आला म्हणून घरच्यांची नावं घरातून कमी होत नाहीत. घटना 'आम्ही लोक' म्हणून सुरू होते. त्या आम्हीत हे आहेत की नाहीत, ते सांगा."

मधल्या न्यायमूर्तींनी मान हलवली. देशकरांच्या चेहऱ्यावर आशा दिसली. त्यांनी सुकेशनीला पुढं बोलावलं आणि ठरलेला प्रश्न विचारला, "ताई, गेली आठ वर्षं तुम्ही कुठं राहता?"

सुकेशनीनं कठडा धरला. तिला वाटलं होतं, ऐन वेळी आपण गप्प बसू. पण डोळ्यांपुढं आलं ते मुंडण केलेलं एवढंसं डोकं.

"काटेसावंग्यात," ती म्हणाली. "पण उन्हाळ्यात मी जालन्याले, लेकीपाशी जाऊन राह्यली होती."

दालनात कुजबुज झाली. निंबकरबाई ताडकन उठल्या. अर्जदार स्वतःच्या तोंडानं बाहेर राहिल्याचं सांगते आहे, याहून मोठा घास कोणता? त्यांनी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. त्यांच्या समोर पडद्यावर सुकेशनीच्या केसांचा ताजा अहवाल होता: शेंड्यापासून टाळूपर्यंत एकच पाणी. बाईचं खरं मानलं तर यंत्र चुकलं. आणि देशातल्या झाडून साऱ्या मतदारयाद्या त्या यंत्रावर उभ्या होत्या. निंबकरबाई हळूच खाली बसल्या.

तेवढ्यात देशकर उठले. सुकेशनीकडे न बघता, घाईघाईनं ते म्हणाले, "महोदय, भाषांतरात गफलत होते आहे. साक्षीदार इथल्या बोलीत बोलते आहे. पुण्याकडे 'जाऊन राहिले' म्हणजे गेले आणि तिथं राहिले. आमच्याकडे 'जाऊन राह्यली होती' म्हणजे जात होते. जेवून राह्यलो म्हणजे जेवतो आहे, येऊन राह्यलो म्हणजे येतो आहे. बाई लेकीकडे जायला निघाल्या होत्या, एवढंच त्या सांगताहेत."

"नाही जी," सुकेशनी म्हणाली. "मी गेली. मी तिथं राह्यली. साडेतीन महिने तिथंच राहून राह्यली होती."

'राहून राह्यली' ऐकून भाषांतराचं यंत्र अडखळलं असावं, कारण न्यायमूर्तींनी कान दाबला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"दवाखान्यातल्या डॉक्टरले विचारा," सुकेशनीचा आवाज चढला. "जावयाले विचारा. ट्रॅव्हल्सवाल्याले विचारा. मी इथलं पाणी नेलं होतं. तेच पाणी लेकीच्या पोटात गेलं अन् माह्या नातीचं मूळ इथलं लागलं. ते लेकरू इथं आलं नाही जी."

न्यायमूर्तींनी निंबकरबाईंकडे पाहिलं. त्या उठून शांतपणे म्हणाल्या, "निवास कायद्यानुसार केसाच्या अहवालाविरुद्ध तोंडी किंवा लेखी पुरावा चालत नाही. अहवालाप्रमाणे साक्षीदार राजधानीतच होती. सरकारला तिच्या अर्ज करण्याच्या हक्काबद्दल हरकत नाही."

"आमचंही तेच म्हणणं आहे," देशकर म्हणाले.

खटला सुरू झाल्यापासून दोन्ही वकिलांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. पाचही न्यायमूर्ती एकमेकांशी कुजबुजले. मग मधले म्हणाले, "बाई, शब्दाचे दोन अर्थ निघतात, केसाचा एकच निघतो. आमच्या मते तुम्ही कुठंही गेला नव्हता. बाळंतपणात मुलगी तुमच्याजवळ होती, असंच तिच्या बाळाचे केस सांगतात, आणि तेही आम्हाला मानावं लागेल. साक्ष संपली."

सुकेशनी कठड्यापाशीच उभी राहिली. तिला हाताला धरून खाली उतरवावं लागलं.

बाहेर गायरानावर गाव जमलं होतं. खटला तरला, पुढची तारीख पडली, असं कळताच बायांनी तिला मिठ्या मारल्या. देशकर जवळ आले. "ताई, माफ करा. चाळीस हजार होते," ते खालच्या मानेनं म्हणाले. त्यांच्यावर ओरडावं असं तिला वाटलं, पण ओरडून सांगायचं काय? मी गेले होते, हे आता तिनं कुणालाही सांगितलं तरी कायद्यानं ते घडलेलंच नव्हतं. लेकीच्या उशाशी बसलेले ते दिवस, ती रडणारी ओली पोर पहिल्यांदा हातात घेतली ती सकाळ, सगळं खोडून टाकलं होतं. तिला स्वतःच्या केसांची किळस आली.

घरी येऊन ती पायरीवर बसली. प्रफुल आत चहा करत होता. फोन वाजला. उत्पलानं सगळी सुनावणी घरी थेट पडद्यावर पाहिली होती.

"आई," ती म्हणाली. "कोर्ट म्हणते मी बाळंतपणाले माहेरीच होती."

"हो माय."

"अन् पोरीचं जे जायचं ते गेलंच आहे."

पलीकडून बाळाचा आवाज येत होता.

"मंग आता तरी येऊ का?"

"ये," सुकेशनी म्हणाली. नातीचं आता बिघडायला काहीच उरलं नाही म्हणून लेक घरी येते आहे, हे तिला पुरतं कळत होतं. तरी ते बोलताना तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची तिला लाज वाटली.